तालमीतलं वाक्य

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? — ते मलाही धड कळत नाही. पण सांगायला बसले आहे, तर उठायच्या आत सांगून होऊ दे.

मी नागपुरात, सक्करदऱ्याच्या बाजूला एका खासगी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. चांगलं शिकवते, असं मुलं म्हणतात. मूलभूत हक्कांचा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवते. म्हणते, हक्क कागदावर असून भागत नाही, कुणीतरी उभं राहून तो मागावा लागतो. हे म्हणताना माझा आवाज अगदी ठाम असतो. कसा असतो — तेच मला कधीकधी कळत नाही.

तेव्हा मी नवी होते. शिक्षणसेवक. कायम होण्याची ऑर्डर यायची होती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्याच्या आड लपायला नको.

त्या वर्षी संविधान दिनाला मी नववीच्या वर्गाची संविधान सभा बसवली. मुलांनी वडिलांचे कोट घातले, मुलींनी आयांच्या साड्या नेसल्या. कुणी अध्यक्ष झालं, कुणी मसुदा वाचणार होतं. आणि शेवटी माझी एक कल्पना होती — प्रत्येक सभासदानं आपल्या शाळेसाठी स्वतःचं एक कलम मांडायचं. कुणी मैदान मागितलं, कुणी वाचनालय. सुजाता मात्र गप्प बसून होती.

सुजाता. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. वडील कळमेश्वरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. घर बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली. त्या घरात संविधानाची उद्देशिका देव्हाऱ्यात ठेवावी तशी भिंतीवर लावलेली होती — मी एकदा गेले होते, तिच्या आईनं मला पोहे दिले होते. उद्देशिका मला पाठ होती ती परीक्षेसाठी. सुजाताला ती घरात बोलणं कानावर पडावं तशी आलेली.

तालमीत तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या शाळेत मुलींच्या संडासाले कुलूप राहणार नाही."

वर्ग हसला. मग मुली हसायच्या थांबल्या.

कारण कुलूप होतं. मधली सुट्टी सोडली तर दिवसभर. घाण करतात म्हणून. चावी ऑफिसात, शिपायाकडे. पाच-सहा पुरुषांसमोर जाऊन ती मागायची. मुली सकाळपासून पाणी पीत नव्हत्या. त्याच महिन्यात एक मुलगी दप्तर पाठीमागे धरून, भिंतीच्या कडेकडेनं घरी गेली होती. हे मला माहीत होतं का? होतं. आम्हा शिक्षिकांचं संडास वेगळं होतं, उघडं होतं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, हेच तर शिकवायचं असतं. मी तिचं वाक्य नीट बसवून दिलं — 'कोणत्याही विद्यार्थिनीला तिच्या नैसर्गिक गरजेसाठी कोणाचीही परवानगी मागावी लागणार नाही.' तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, पाहुण्यांसमोर म्हणू? सर रागावतीन ना?"

मी म्हटलं, "म्हण बिनधास्त. मी आहे ना."

कार्यक्रमाला संस्थेचे सचिव आले होते. पालक होते. सुजाता निळी साडी सावरत उठली, आणि माझं वाक्य म्हणून झाल्यावर तिनं तिचंही म्हटलं — कुलपाचं. मागच्या रांगेतून मुलींच्या टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात. सचिव समोर बघत होते, कुठेच न बघता. हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी — मी खाली पाहिलं. तिथेच ते सुरू झालं असणार.

कार्यक्रमानंतर आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. सुजाता अजून साडीतच होती. हेडसर ओरडले नाहीत. ओरडले असते तर? — नाही, जाऊ द्या. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पोरगी हे बोलणार आहे, तुम्हाले माहीत होतं?"

बस, एवढंच विचारलं. नोकरीचा शब्द नाही, धमकी नाही. आणि मी म्हणाले —

"नाही सर. तालमीत हे वाक्य नव्हतं."

पुन्हा वाचा हवं तर. मी ते खूपदा ऐकलं आहे. 'नाही सर' घाबरून निघालं असेल. पण पुढचं? ते मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून जोडलं. वाक्य बसवून द्यायची सवयच होती ना मला.

हेडसर सुजाताकडे वळले. "खरं आहे का गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काही विसरले असेन आणि आत्ता मला आठवेल, असं पाहिलं. ती थांबली. माझ्यासाठी थांबली. पंखा फिरत होता, बाहेर खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता, आणि अजून वेळ होता — तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत उभी राहिले.

"हो सर," ती म्हणाली. "मॅडमले माहीत नव्हतं. मी माह्या मनानं बोलली."

ती गेल्यावर हेडसर म्हणाले, "या लोकाइले हक्क तेवढे बरोबर समजतात." मी ऐकलं. त्यानंतरचा माझा तास आठवीवर होता. धडा समतेच्या हक्काचा होता. मी तो शिकवला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, पाळी बुडवून. कारखान्याचा गणवेश अंगावरच होता. खुर्ची होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मीही नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते लेकीला एवढंच म्हणाले, "बोलली ते बोलली, बाई. पण मॅडमले तरी विचारायचं होतं वं."

सुजातानं मान खाली घातली. आणि ते माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाले, "तुमचं नाव खराब झालं मॅडम. माफ करा."

मी काय केलं, सांगू? — "असू द्या," म्हणाले. मोठ्या मनानं.

परिपाठाला तिला सगळ्या शाळेसमोर माफी मागायला लावली. माईक उंच होता, तिच्या तोंडापर्यंत मीच खाली केला. तिनं माफी मागितली, स्पष्ट उच्चारात, मी शिकवला होता तसा.

काही दिवसांनी तपासणी होणार असल्याचं कळलं आणि कुलूप निघालं. पुन्हा लागलं नाही. मुली जायच्या-यायच्या. सुजाताही जायची, पण वर्गात तिचा हात पुन्हा वर झाला नाही. नववी संपल्यावर वडिलांनी तिचा दाखला काढून नेला. दहावीला ती खाप्याला मावशीकडे गेली, असं ऐकलं. माझी ऑर्डर वेळेवर आली.

मग गेल्या हिवाळ्यात, बुधवारच्या बाजारात, मागून हाक आली — "मॅडम!" वळले तर सुजाता. उंच झालेली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, सोबत एक मैत्रीण. वाकून पाया पडली. वडिलांसारखी तीही कळमेश्वरलाच नोकरी करते. मैत्रिणीला म्हणाली, "ह्या मॅडमनं आमाले संविधान शिकवलं." अभिमानानं म्हणाली. खोटा वाटला नाही तो मला.

मैत्रीण पुढच्या दुकानाकडे वळली तशी ती जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, मी अजून कोणाले सांगितलं नाही. बाबालेही नाही."

माझ्यासमोर ती होती, मध्ये कुणी नव्हतं. हेडसर कधीच निवृत्त झालेत. मला कुणी काढून टाकणार नव्हतं.

"काय गं?" मी म्हणाले. "कशाबद्दल बोलतेस?"

तिनं पाहिलं. या वेळी ती थांबली नाही.

"काही नाही मॅडम," म्हणाली, हसली, आणि मैत्रिणीमागे गेली. मी मेथीच्या जुड्या चाळत उभी राहिले. मला सगळं आठवत होतं.