पाठवणीच्या आधीची खुर्ची

वैशाखात एका लग्नाचं शूटिंग करून परत येताना माझा धाकटा भाऊ दत्ता गेला. कुरुंद्याहून आखाडा बाळापूरला घरी येत होता. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली होती आणि तो शेजारी बसलेला होता. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. कॅमेऱ्याची बॅग खांद्याला होती.

या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. बहुतेकांवर विश्वास बसला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. शोधलं की प्रत्येक गोष्टीचा संदर्भ कुठेतरी सापडतो, या समजुतीवर आजवरचं आयुष्य गेलं. म्हणून हे लिहायला वेळ लागला…

दत्ताची एक रीत होती. लग्नाच्या कामावर तो पाठवणी होईपर्यंत जेवायचा नाही. धंद्यात नवीन असताना एकदा तो पंगतीत बसला आणि तेवढ्यात नवरी निघून गेली. तेव्हापासून नुसत्या चहावर दिवस काढायचा आणि घरी येऊन जेवायचा. आई त्याचं ताट झाकून ठेवायची. त्या दिवशीही ठेवलं होतं.

त्यानंतर आईनं संध्याकाळचं जेवण सोडलं. रडायची नाही, भांडायची नाही. ताट वाढलं की एवढंच विचारायची — "लेकरू उपाशी गेलं का रे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. कुरुंद्यात दोघा-तिघांना विचारून पाहिलं, पण लग्नघरात शूटिंगवाला जेवला की नाही हे कोण बघतं? नवरीचे वडील नामदेवराव दिवसभर त्याच्यासोबत होते, त्यांना माहीत असणार होतं. पण मी जायचं ठरवेपर्यंत श्रावणात तेही आजारी पडून गेले.

दसऱ्यानंतर त्यांच्या पत्नी, कौसामावशी, आमच्याकडे आल्या. लग्नाची फिल्म अजून त्यांना मिळाली नव्हती. दिवाळीला त्यांची लेक रेणुका, त्या लग्नातली नवरी, येणार होती. "यंदा सण न्हाई करायचा," त्या म्हणाल्या. "पण तिला तिच्या बापाचं शेवटचं बघायचंय. ती निघताना ते कसे उभे होते, तेवढंच. तेवढं करून द्या, सर."

कॅमेऱ्यातलं कार्ड मी नांदेडला रियाजभाईंकडे दिलं. ते दत्ताचे मित्र, दोघं मिळून एडिटिंग करायचे. त्यांनी फिल्म कापली, गाणी लावली आणि एक्सपोर्ट करून पेनड्राइव्ह पाठवला. मी घरी लॅपटॉपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहिली. मंगलाष्टका, पंगत, पाठवणी… कुठेही अडली नाही.

मग मावशींना हवी असलेली जागा नेमकी कुठे आहे ते बघून ठेवावं म्हणून मी खालची पट्टी ओढून पाठवणीवर नेली. फिल्म जागची हलली नाही. मग मागे आली आणि एका खुर्चीवर थांबली. निळी प्लॅस्टिकची खुर्ची, तिचा फक्त हात दिसत होता. मागे मांडवाचा कपडा आणि घराचं दार. पुन्हा ओढली. पुन्हा खुर्ची.

रियाजभाईंनी फोनवर समजावून सांगितलं. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एखादं पूर्ण चित्र असतं, बाकी नुसते बदल. आपण उडी मारली की प्लेअर जवळचं पूर्ण चित्र शोधतो, म्हणून थोडं मागे जाणं चालायचंच. शिवाय कुठलं चित्र कुठे आहे याची एक यादी फाईलमध्ये असते — पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी — ती बिघडली तरी असं होतं. हे मला लगेच पटलं. अनुक्रमणिका चुकलेली पुस्तकं मी पाहिली आहेत.

त्यांनी पूर्ण चित्रं जवळजवळ घेऊन पुन्हा एक्सपोर्ट केलं. मी दुसरा प्लेअर टाकून पाहिला, दुसरा पेनड्राइव्ह घेतला, मोबाईलवर लावली, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लावली. फाईल लहान करून झाली. दर वेळी तीच खुर्ची. मी वैतागून लगेच पट्टी पुढे ओढायचो आणि फिल्म परत तिथेच यायची. सरळ चालवली तर मात्र बिनतक्रार चालायची, आणि — हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं — सरळ चालवताना ती खुर्ची कुठेच यायची नाही.

दिवाळी तोंडावर आली. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन कुरुंद्याला गेलो. दुपारची वेळ होती. ओसरीत हळदीची पोती होती, त्यांच्या शेजारी टीव्ही. मावशी खाली बसल्या. मी रिमोटनं फिल्म पुढे पळवली आणि व्हायचं तेच झालं. दोनदा, तीनदा. मी ओशाळून म्हणालो की सुरुवातीपासून लावतो, थोडा वेळ लागेल.

"किती बार दाबून राहिलात, सर," मावशी म्हणाल्या. "चालू द्या की जरा."

मी रिमोट खाली ठेवला.

खुर्चीचा हात काही वेळ तसाच दिसत राहिला. वाजंत्री लांबून ऐकू येत होती. कॅमेरा कुणीतरी दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता, दाराकडे तोंड करून, चालूच. नवरी निघालीच तर सुटायला नको म्हणून. मग नामदेवरावांचा आवाज आला.

"बसा हो पाव्हणं. ठिवलं ना ते यंत्र खाली?"

"मामा, पाठवणी सुटंल माझी." हा दत्ता.

"कशी सुटंल? लेक माझी हाय. तुमी जेवल्याबिगर निघायची न्हाई ती."

दोघं चौकटीत आले. दत्ता जमिनीवर मांडी घालून बसला, अर्धा पाठमोरा. शर्टाची कॉलर नेहमीसारखी आत दुमडलेली. नामदेवराव समोर उकिडवे बसून स्वतः वाढत होते — पुरी, भात, वरण, बुंदी. दत्ता नको म्हणाला तरी वाढत होते. तो जेवला. सावकाश, पोटभर. मग हात धुऊन आला आणि त्यानं कॅमेरा उचलला. चित्र हेलकावलं, आणि पुढे थेट पाठवणी सुरू झाली. रेणुका, आणि तिच्या मागे खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसणारे नामदेवराव.

मावशींनी पदर डोक्यावर घेतला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते जेवणाचं आधी काहून न्हाई दाखवलं?"

मोबाईलवर टीव्हीचं चित्रण करून घ्यावं हे मला तेव्हा सुचलं नाही.

थोडं सावरल्यावर मी पुन्हा फिल्म पळवली. ती पाठवणीवर नेमकी गेली. मागे नेली, पुढे नेली, हवी तिथे जात होती. खुर्ची नव्हती. रियाजभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "दादा, ऐसा क्लिप थाच नहीं. कार्ड मैंने एक-एक करके देखा." त्यांनी पुन्हा पाहिलं. जुन्या फाईलीही तपासल्या, त्याही आता नीट चालत होत्या.

तुम्ही म्हणाल, कार्डावरची खराब झालेली एखादी क्लिप असेल, किंवा घरात दुःख असलेल्या दोन माणसांना एकाच वेळी भास झाला असेल. मीही हेच म्हटलं असतं. आईला काय सांगावं, सांगावं की नाही, या विचारात मी आठवडा काढला. काहीच सांगितलं नाही.

दिवाळी झाल्यावर कौसामावशी स्वतःच आल्या. आईच्या शेजारी बसून इकडचं तिकडचं बोलल्या. मग मधेच म्हणाल्या, "माझ्या मालकानं जेवू घातलं होतं तुमच्या पोराला. पण आक्का, एक विचारू? वरणभातात बुंदी कालवून खातं का हो कुणी?"

दत्ता लहानपणापासून तसंच खायचा. घरातच. बाहेर कुणासमोर खायचा नाही, लाजायचा. ओसरीत बसून मी कॉलर पाहत होतो, तो ताटात काय कशात कालवतोय इकडे माझं लक्षच नव्हतं.

आई मावशींकडे सरकली. "पोटभर खाल्लं का त्यानं?" तिनं विचारलं.

"व्हय. दोनदा घेतलं."

त्या संध्याकाळी आई ताटावर बसली.

या सगळ्याचा संदर्भ मला अजून कुठे सापडलेला नाही. पेनड्राइव्ह मावशींकडे आहे, एक प्रत माझ्याकडे. फिल्म कुठेही अडत नाही. ते जेवण तिच्यात नाही. आई दोन्ही वेळा जेवते.