उकंडूच्या तुलेचा गूळ

सुगंधाबाईची तीन लेकरं पाळण्यातच वाळून गेली. चौथा पोरगा झाला तेव्हा सासू रुखमाबाईनं त्याला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मंगलीला उचलून आणायला लावलं. मंगली म्हणजे पलीकडच्या टोल्यावरची, छोट्या वस्तीवरची गोंडीण, यांच्या शेतात रोवणी-कापणीला येणारी. टाकून दिलेल्या पोराकडं यम ढुंकून बघत नाही, असा गावाचा समज. म्हणून पोराचं नाव उकंडू. एवढ्यानंही रुखमाबाईचं मन भरलं नाही. तिनं गावदेवी मातामायला नवस बोलून ठेवला: पोर जगलं तर दर साल चैतात त्याची गुळानं तुला करीन आणि सारा गूळ गावात वाटीन.

पोर जगलं. आणि जगलं म्हणजे कसं, तर बाळसं उतरायचं वय गेलं तरी अंगावर वळ्याच वळ्या.

गाव गोंडपिपरीच्या अलीकडचं. चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, पण त्यानं गावाच्या ताटात काही फरक पडला नव्हता. धानाची पेज, लाखोळीची डाळ, उन्हाळ्यात मोहफुलं. गूळ दिसायचा तो सणाला, तोही बोटाला चिकटेल इतका. अशा गावात चैतात देवळापुढच्या चिंचेला धान मोजायचा मोठा तराजू टांगला जायचा. एका पारड्यात उकंडू, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. पोर जड तर गूळ जास्त. मग काय विचारता, सारं गाव त्या पोराच्या पोटाची काळजी वाहू लागलं. ज्याच्या दारावरून जाईल तो त्याच्या हातावर काहीतरी ठेवी. म्हातारा वारलू, ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची मारामार, तोही आपल्या वाट्याचे फुटाणे त्याच्यापुढं करी आणि म्हणे, "खाय बेटा, खाय. तुया अंगावर आमचा गूळ हाये."

सारे हसत. सुगंधाबाईही हसे. तिच्या हाताला आधीच्या तीन लेकरांची हाडं ठाऊक होती. या पोराच्या मनगटाला मांस लागलं की तिला निवांत झोप येई.

पण शाळेत जायच्या वयाला उकंडू आला तशी गंमत सरली. दोन घरं चालला की बसायचा. मांड्या घासून कातडं सोलायचं. झोपेत घोरता घोरता दचकून उठायचा आणि तोंडानं वारा ओढायचा. पोरं चिंचेवर चढत, हा खाली बसून पडलेल्या चिंचा गोळा करी.

त्या हिवाळ्यात नागपूरचा एक डॉक्टर गावात आला. औषध द्यायला नव्हे, पोरांची वजनं घ्यायला. कोणतं पोर का वाळतं आणि कोणतं का फुगतं, याचा तो अभ्यास करत होता. त्याच्याजवळ काटा, मापाची फीत आणि कातडी धरून तिची जाडी मोजायचा एक चिमटा. गावातली पोरं एकेक करून काट्यावर चढली, चिमट्यात धरायला कुणाच्या दंडावर काही सापडेना. तेव्हा गावालाच लाज वाटली आणि लोक उकंडूला नवरदेवासारखं मिरवत घेऊन आले. बाप गुणवंतराव मिशीवर हात फिरवत मागून. डॉक्टर आधी हसला. मग त्यानं पोराची छाती ऐकली, गुडघे दाबून पाहिले आणि त्याचं हसू गेलं. गुणवंतरावाला काही सांगू गेला तर तो म्हणाला, आमच्या घरी खाणारेच जन्मतात. म्हणून डॉक्टरनं ओसरीच्या खांबाआड उभ्या सुगंधाबाईला गाठलं.

"बाई, हा पोरगा आजारी आहे."

"आजारी असता तं वाळला असता नं, डाक्टरसाहेब. माही तीन वाळूनच गेली."

डॉक्टरनं समजावलं. अन्न कमी पडून पोर जातं तसं फार होऊनही जातं. शहरात अशी मुलं तो पाहत आला होता. छातीला ओझं पेलत नाही. याचं औषध बाटलीत मिळत नाही. गूळ-तूप बंद करा, भात निम्मा करा, आंबील आणि भाजी द्या, रोज चालवा. पुढल्या हिवाळ्यात येतो, पुन्हा वजन करू.

माणूस भला होता, पण चूक त्याचीही झाली. ज्या घरात पळी सासूच्या हाती, तिथं त्यानं सुनेला सांगितलं.

सुगंधाबाईनं ताटातलं तूप कमी करून पाहिलं. रुखमाबाईनं भरल्या पंगतीत विचारलं, "तीन खाल्ले तं पोट नाई भरलं तुयं? आता चवथ्याले उपाशी मारून राह्यली?"

मग एका सकाळी अंगण सारवता सारवता तिनं सासूला सांगितलं की मातामाय सपनात आली होती, केस मोकळे सोडून. म्हणत होती, माझा गूळ तुम्ही पोराकडून आधीच उष्टा करता काय? तुला होईतो त्याच्या ओठाला गूळ-तूप लावाल तर याद राखा. जेवण हलकं ठेवा, आणि रोज उपाशीपोटी टोल्यावरच्या देवाला चालत जाऊन पाणी घालू द्या. रुखमाबाईनं कानाला हात लावले. तुपाची बरणी त्याच दिवशी शिंक्यावर चढली.

मंगली रोज त्याला न्यायला येई. आरंभी उकंडू वाटेतच बसकण मारी आणि उचल म्हणून रडे. मंगली कमरेवर हात ठेवून सांगे, "एक डाव उकिरड्यावरून उचललं तुले. आता नाई उचलत." माघात तो तिच्या पुढं चालू लागला, फागुनात पळू लागला. मोह गळायच्या दिवसांत एका सकाळी सुगंधाबाई पाहते तर पोरगा मोहाच्या फांदीवर. "उतर मेल्या, पडशीन," ती ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिच्या ध्यानात आलं की झाडावर चढलं म्हणून रागवावं एवढं आपलं एकही लेकरू कधी मोठं झालं नव्हतं.

चैतात तुला आली. उकंडू आपला आपण उडी मारून पारड्यात बसला. भेल्या चढू लागल्या आणि पाहता पाहता काटा फिरला. निम्मा गूळ बैलबंडीतच राहिला. हातात पळसाची पानं घेऊन बसलेले लोक बंडीकडं बघत राहिले.

"एवढाच?" वारलू म्हणाला.

मग कुजबुज सुरू झाली. भगतानं डोळे मिटून सांगितलं, माय कोपली, पोराला थोडं थोडं करून नेते आहे. बोकड कापायचा, पोराला दुप्पट चारायचं, असं ठरू लागलं. तेव्हा सुगंधाबाईच्यानं राहवलं नाही.

"माय कोपली नाई," ती म्हणाली. "सपन पडलंच नोयतं. डाक्टरनं सांगतलं होतं, म्हणून मी खोटं बोलली. पोट्टा बरा झाला, पाहा नं त्याच्याकडं."

त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. सारे तिच्याकडं पाहत होते. देवीच्या नावानं खोटं बोललेली बाई गावाला आयती सापडली. गुणवंतरावानं हात उगारला नाही. त्यानं बंडीतला उरलेला गूळ दंड म्हणून वाटून टाकला. लोकांची पानं भरली, तोंडं गोड झाली. आणि उकंडूनं आईच्या हातचं खायचं नाही, असं त्याच चिंचेखाली ठरलं.

डॉक्टर बोलल्याप्रमाणे हिवाळ्यात आला. त्यानं उकंडूला काट्यावर उभं केलं, गेल्या सालाहून चढलेला आकडा पाहिला, आईला बोलवा म्हणाला. आई धान कापायला गेली आहे, असं त्याला सांगितलं. ती गोठ्यात होती. त्यानंतर तो डॉक्टर आला नाही. पुढच्या तुलेला पोराला पारड्यात बसवायला बाप्ये गडी लागले, आणि गाव खूश होतं.

उकंडू मिसरूड फुटायच्या आत गेला. भादव्यात अंगणात बसला तो उठलाच नाही. तेराव्याला बायका म्हणाल्या, त्या एका हिवाळ्यात आईनं उपाशी ठेवलं, तेव्हाच पोर आतून पोकळ झालं. रुखमाबाईनं तसं सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. एकटी मंगली काही बोलायला उठली, तर तिला टोल्यावर जायला सांगितलं.

चैत आला. चिंचेला तराजू टांगला गेला नाही. वारलू काठी टेकत सुगंधाबाईच्या ओसरीवर येऊन बसला. डोळे पुसत म्हणाला, "लई गोड पोट्टा होता, बाई." खोटं नव्हतं त्याचं रडणं.

सुगंधाबाई आत गेली. फळीवर मागल्या सालची भेली होती, ती आणून तिनं त्याच्या हातावर ठेवली. "घ्या भाऊ. राह्यलेला गूळ हाये," म्हणाली.

वारलूनं तो घेतला. घरी पोचेपर्यंत निम्मा संपला होता.