पहिली बस आठ वाजता

आमच्या गुढियारीच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सहा बायकांवर अन्याय झाला. कधी, तर नवी बससेवा सुरू झाली त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी पावणेसहा वाजता. वेळ मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळा घोळ वेळेचाच आहे. आणि त्या घोळात माझाही हात आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

या सहाही जणी शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या सरकारी इमारतींमध्ये झाडू-पोछा करतात. ठेकेदाराच्या माणसाचा नियम एकच: सातला गेटवर हजेरी, सातनंतर परत जा. तीन नागे, म्हणजे खाडे, झाले की नाव कटलं. साहेब लोक दहाला येतात, तोवर फरशी वाळलेली पाहिजे. या सहांपैकी एकीला मी मावशी म्हणते. नात्याची नाही, पण तिच्या घराची नि आमच्या घराची भिंत एक आहे. तिचे वडील आणि माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी एकाच काळात भंडाऱ्याकडून इथे, हिंदी मुलखात, आले. तिच्या घरात आज कमावणारी ती एकटी.

इतकी वर्षं या बायका स्टेशनवरून शेअरिंग ऑटोनं जायच्या. एकमेकींच्या मांडीवर बसून, पण पावणेसातपर्यंत पोचायच्या. मग नवी बस आली. मोठी, थंडगार, तिच्यासाठी रस्त्यात वेगळी पट्टी. बसला सवारी मिळावी म्हणून त्या रस्त्यावर शेअरिंग ऑटोंना बंदी केली. बस सुरू होईल त्याच दिवसापासून ऑटो बंद, असा हुकूम.

रविवारी उद्घाटन झालं. फुलांच्या माळा, बँड, फुकट फेरी. मावशी हौसेनं जाऊन आली. "सीट कशी नरम हाय वं! आता मी राणीवानी बसून जाईन डुटीले," म्हणाली. मीही टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? 'आम्हाला बस द्या' हे पत्रक कॉलेजात असताना मी स्वतः लिहून, छापून, बीरगांवच्या नाक्यापर्यंत वाटलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

सोमवारी पावणेसहाला सहाही जणी डबे घेऊन स्टॉपवर उभ्या राहिल्या. काचेचा स्टॉप, आत दिव्याच्या पाटीवर 'स्वागत है' लिहिलेलं. दाराला कुलूप. गार्ड म्हणाला, "दीदी, पहली बस आठ बजे।"

"आठ?" मावशी म्हणाली. "मंग काय साहेबाच्या पायाखालून झाडू मारू का?"

गार्ड बिचारा हसला. त्याच्या हातात काय होतं? नव्या राजधानीच्या रस्त्यावर पोलीस ऑटो परत फिरवत होते. आठची बस धरून या नऊला पोचल्या. गेटवरच्या माणसानं घड्याळ दाखवलं आणि परत पाठवलं. पहिला नागा. मंगळवारी आतल्या गावांच्या रस्त्यानं एक ऑटो कबूल झाला, तो चिखलात अडकला. दुसरा नागा. मंगळवारी संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. पदर खोचलेला, आवाज चढलेला.

"काहून वं पोट्टे, तूच मागत होती ना बस? हे घे तुही बस! उद्या नागा झाला तं माहं नाव कटते."

बुधवारी सातपर्यंत कामाच्या गेटवर पोचायचं साधन नव्हतंच, म्हणून आम्ही सगळ्या त्याच आठच्या बसनं सरळ बसच्या ऑफिसात गेलो.

तिथले साहेब चांगले बोलतात. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मी राग गिळून सांगितलं: पहिली बस पावणेसहाला सोडा, नाहीतर ती सुरू होईपर्यंत ऑटो जाऊ द्या. साहेबांनी फाईल माझ्याकडे वळवली.

"देखिए मैडम, आठ के पहले डिमांड ही नहीं है। पूरा सर्वे हुआ है।"

फाईलला नमुन्यादाखल कोरा फॉर्म जोडलेला होता. मी तो बघताक्षणी ओळखला. ओळखणारच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्या सर्वेत मीच स्टेशनच्या चौकात पाटीवर कागद लावून उभी होते. दुपारची पाळी. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं: कुठून, कुठे, किती वाजता निघता. वेळेचे रकाने छापलेले होते आणि पहिला रकाना सुरू होत होता सकाळी आठपासून. त्याआधी निघणाऱ्यांचं काय करू, असं मी सुपरवायझरला विचारलं होतं. 'अन्य में डाल दो,' तो म्हणाला. मी डाललं. दुपारी कामावरून परतणाऱ्या बाईमागून बाई 'अन्य'मध्ये डालली आणि पुढच्या माणसाकडे वळले. एकदाही वाटलं नाही की पुन्हा विचारावं. साहेबांच्या अहवालात आता आठ ते दहा होतं, दहा ते बारा होतं, रात्रीपर्यंत सगळं होतं. 'अन्य' नावाचा रकानाच नव्हता. कंप्युटरमध्ये तो कुणी भरलाच नाही.

हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. मावशी माझ्याकडे वळली.

"अवं, मले तं तूच विचारलं होतं! साडेपाचले निघा लागते म्हून मी सांगतलं तुले. बिस्कुटबी खाल्लं तू माह्या हातचं."

"हो, मावशी."

"अन् तरी मी ह्यायच्या कागदात नाही?"

"नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "ठीक है, अगले सर्वे में करवा लेंगे।" कधी, विचारलं तर म्हणाले, साल-दो साल.

"साहेब, तोवर फरशी तुमीच पुसा," मावशी म्हणाली. साहेबांना मराठी कळली नाही. मी शब्दन् शब्द हिंदीत सांगितला. पाण्याचे ग्लास शिपायानं उचलले आणि आमची भेट संपली.

बुधवारचा तो तिसरा नागा. तिघींची नावं कटली, मावशी आणि आणखी दोघी जुन्या म्हणून 'बदली'त गेल्या. बदली म्हणजे कुणी आली नाही तरच काम, पण सातला गेटवर उभं राहायचं ते रोज. मावशी आता भाजी उतरवून त्या बाजूच्या गावांकडे परतणाऱ्या पिकअपच्या मागे, रिकाम्या क्रेटांना धरून, उभी राहून जाते. परवा ब्रेक लागला तेव्हा कोपर सोललं. बस बाजूच्या पट्टीत नसते, कारण तेव्हा ती डेपोत झोपलेली असते.

आपल्याच इथल्या मराठी समाजातल्या एका काकांनी मला समजावलं, "बेटा, इतनी अच्छी बस आई है, उसमें भी खोट निकालते हो तुम लोग।" काका नव्या राजधानीत बाबू आहेत. नऊची बस, खिडकीची सीट. बस चांगली आहे, काका. मीच मागितली होती. चांगली आहे म्हणूनच चीड येते: ज्यांनी सगळ्यात आधी निघायचं, त्यांना सोडून ती आखली आणि त्यांचा जुना रस्ताही बंद केला. हे चुकून झालं म्हणणाऱ्यांनी सांगावं, चूक कळल्यावरही वेळापत्रक का बदललं नाही? एक कागद आहे तो. एका सहीनं बदलतो.

आणि आता तुम्ही. आपल्या समाजात हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्याच बसनं त्याच इमारतींत जाता. उद्या टेबलाशी पोचलात की ते ज्या बाईनं पुसलं तिला शोधा. घरून किती वाजता निघते, विचारा. ती सांगेल ती वेळ अर्जात लिहा, पावणेसहाची बस मागा, खाली आपलं नाव आणि हुद्दा घाला. तुमच्या हुद्द्याला ते साहेब घाबरतात, आमच्या पत्रकाला नाही. अर्ज बसच्या ऑफिसात स्वतः नेऊन द्या, आणि शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.