गोदाक्काच्या मधाचा भाव

कोणाचे चित्र शब्दांत काढण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करण्यापलीकडे लेखणी धरलेली नाही. आणि मी लिहिलेल्या दोन ओळींनी एकदा एका बाईचे मोठे नुकसान केले आहे. वाचकांनी मला आधीच माफ करावे. त्या बाईबद्दल दुसरे कोणी लिहील असे दिसत नाही, म्हणून लिहितो.

पाचगणीच्या घाटाखाली आमचे गाव. तिथे गोदाक्का मध विकायची. बाटलीचा भाव सव्वा रुपया. पण गिऱ्हाइकाने शंका काढली की प्रत्येक शंकेला एक आणा वाढायचा. "मध खरा आहे ना?" एक आणा. "गूळबीळ नाही ना?" आणखी एक आणा. हवा खायला आलेले साताऱ्याचे एक पेन्शनर साहेब एकदा तिच्या ओसरीवर नऊ शंका काढून एक रुपया तेरा आणे मोजून गेले, आणि जाताना बायकोला म्हणाले, "एवढा महाग आहे म्हणजे खरा असणार." गोदाक्काने ते ऐकले आणि मला म्हणाली, "बघ, नऊ आण्यात मानसाची खात्री पटली. सव्वा रुपयात पटत न्हवती."

तिचा नवरा पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मधमाश्यांच्या दोन लाकडी पेट्या माळ्याला देऊन गेला. पुढे माळीही गेला. गोदाक्काने दोनाच्या पाच पेट्या केल्या. एकदा तलाठी तिच्या घरी जनावरांची नोंद करायला आला. माश्या जनावरांत धरायच्या की नाही, याचा त्याने बराच वेळ विचार केला आणि संख्या विचारली. ती म्हणाली, "मी झाकण काडते, तुमी मोजा." तलाठ्याने उभ्याउभ्याच 'जनावरे नाहीत' असे लिहिले.

ते लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर गेली, तशी लोकांची मधावरची भक्ती वाढली. वाईला एक शेटजी गुळाच्या पाकात थोडा मध घालून विकायचे. तो मध सगळ्या परीक्षांत उतरायचा. वात भिजवून पेटवली तर जळायचा, पाण्यात टाकला तर थेट तळाला जायचा, आणि त्यात पडलेली माशी म्हणे पंख झटकून उडून जायची. गोदाक्का म्हणायची, "माशीला वाचायची घाई आसती. ती काय साक्ष द्यायला बसलीया व्हय?" पूर्वी ती शेटजींनाच मध घालत असे. एकदा वाईच्या बाजारात तिने स्वतःचाच मध त्यांच्या बाटलीत चाखला आणि म्हणाली, "माज्या माश्यांनी एवडं पातळ काम कवा केलं न्हाई." त्या दिवसापासून शेटजींना एक थेंब नाही. आता मध विकायचा तो स्वतःच्या नावावर, एवढाच तिचा हट्ट होता. शेटजी गावात येऊन सांगत, "बाईमाणसाच्या नावावर मध कोण घेणार?" आणि गाव मान डोलवायचे.

मी कॉलेजसाठी सांगलीला निघालो तेव्हा तिने बारा बाटल्या पेंढ्यात बांधून माझ्याबरोबर दिल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात होत्या. मी 'शुद्ध मध' असे लिहिले होते. तिने ते माझ्याकडून वाचून घेतले आणि पहिला शब्द खोडायला लावला. "शुद्द म्हनलं की मानसाला लबाडीची आटवन हुती. माजं नाव लिव. लोकास्नी कळू दे कुनाचा हाय."

सांगलीत पहिली बाटली आमच्या रसायनशास्त्राच्या प्रोफेसरांनी घेतली. त्यांनी घेतली म्हणून उरलेल्या अकराही एकाच आठवड्यात गेल्या. मग पौषातली थंडी पडली आणि बाटल्यांच्या तळाशी पांढरी कणी धरली. महिन्याअखेर अर्धीअधिक बाटली घट्ट झाली. गावी तिचा मध थंडीपर्यंत कधी उरतच नसे, त्यामुळे मी हे कधी पाहिले नव्हते. प्रोफेसरांनी वर्गात सगळ्यांसमोर ती कणी बोटावर घेतली, जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "साखर. खेड्यातली माणसं भोळी असतात हा आपला समज आहे." वर्ग हसला. मीही थोडा हसलो.

सगळ्यांचे पैसे मी परत केले आणि त्याच संध्याकाळी गोदाक्काला कार्ड लिहिले. "तुझ्या मधात साखर निघाली. प्रोफेसर स्वतः म्हणाले. असे का केलेस?" मी पाकीट घेतले नाही. आमच्या गावी आलेले प्रत्येक कार्ड शाळेचे मास्तर चावडीवर मोठ्याने वाचून दाखवतात, हे मला पुरते माहीत होते. माझी स्वतःची कार्डेही तशीच वाचली जात आणि मला त्याचा अभिमान होता. पण रागात ते ध्यानात आले नाही. मास्तरांनी ते कार्ड धडा वाचावा तसे खणखणीत वाचले. शेटजी योगायोगाने चावडीवरच होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.

गोदाक्काचे उत्तर मास्तरांच्या वळणदार अक्षरात आले. "बारा बाटल्यांना पुरंल एवडी साखर माज्याकडं आसती तर मी साखरच इकली आसती. तिला भाव जास्त हाय."

हे उत्तर मी खाणावळीत वाचत होतो. आमचा आचारी इराप्पा जतकडचा. त्याने काय झाले म्हणून विचारले. परत आलेली एक बाटली मी त्याला दाखवली. त्याने ती उन्हात ठेवली आणि दुपारपर्यंत मध पातळ होऊन चमकू लागला. "थंडीत तूप गोठतं," इराप्पा म्हणाला, "तवा तुमी म्हशीला चोर म्हनता काय?"

मी प्रोफेसरांकडे गेलो. ते सज्जन होते. त्यांनी जाड पुस्तक काढले, पान शोधले, वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे, खरा मध गोठतो." हे वर्गात सांगाल का, असे मी चाचरत विचारले. ते म्हणाले, "तो भाग परीक्षेला नाही."

मी दुसरे कार्ड लिहिले आणि माफी मागितली. ते मात्र खासगी आहे असे मास्तरांना वाटले. त्यांनी ते गोदाक्काच्या घरी जाऊन हळू आवाजात वाचले. आरोपाला अख्खी चावडी होती. माफीला ती एकटी.

उन्हाळ्यात गावी गेलो तर पाहतो, तिच्या ओसरीवर गिऱ्हाईक नाही. शेटजींना माझे कार्ड पाठ झाले होते. कॉलेजात शिकणाऱ्या पोराने लिहिले आहे, असे ते प्रत्येकाला आवर्जून सांगत. गोदाक्का रागावली नाही. पेटीसमोर बसून म्हणाली, "इचारलंस त्याचं काय न्हाई रं. पर मला इचारायचं हुतंस, कार्डाला कशाला इचारलंस?" चावडीवर जाऊन सगळ्यांना खरे सांगतो, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. म्हनतील, म्हातारीनं पोराला मध चाटवला." मला बरे वाटले, हे कबूल करतो. मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांचे पत्र आले, पाकिटातून. गोदाक्का गेल्या. दोन दिवस ताप आला, तेवढेच निमित्त. दहाव्याला पिंडासाठी मध हवा होता. घरात त्यांच्या स्वतःच्या सात बाटल्या होत्या, पण क्रियाकर्मात शंका नको म्हणून पुतण्याने वाईहून शेटजींचा मध आणला. नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, एकही खाली उतरेना. पेट्या सांभाळीन असे पुतण्याने कबूल केले. सरपंचांनी ओसरी शाकारून देऊ म्हटले. उन्हे डोक्यावर आली, लोक कंटाळले. शेवटी मास्तर पुढे झाले, हात जोडून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "गोदाक्का, तुमचा मध खरा होता." आणि कावळा शिवला.

मास्तर खोटे लिहिणारे नाहीत. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. दुपारी भूक लागली की कावळा खाली येतो, हे मला कळते. पण चारचौघांत ते वाक्य म्हणायला तिथे मी असायला हवे होते.