बापूराव तिवारी

बालाघाटकडल्या वारासिवनीचे धनराज दिवाळी उलटली की नागपूरला आमच्याकडे चिन्नोर तांदूळ पोचवतात. यंदा पोतं खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "बाई, तुमचे बापूराव वारले ना. तुमाले मालूम नाही काय?" मी "हो का" म्हटलं. मग तांदूळ नवा की जुना ते विचारलं, त्यांना पाणी दिलं, पोतं आत सरकवून घेतलं. संध्याकाळी त्याच तांदळाचा भात लावला आणि जेवलेही. आता रडू येईल, मग येईल, म्हणून वाट पाहत होते... महिना होऊन गेला, अजून आलेलं नाही.

बापूराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते रामसेवक तिवारी, बालाघाटला जंगल खात्यात कारकून, घरची बोली हिंदी. बापूराव होते ते आमच्या गणपतीतल्या नाटकात. छप्पन साली प्रांत तुटला, नागपूर मुंबई राज्यात गेलं, तेव्हा बालाघाटला असलेले आम्ही मध्यप्रदेशात राहिलो आणि बघता बघता आपल्याच गावात थोडे झालो. तेव्हा मराठी मंडळानं हे नाटुकलं सुरू केलं. एका घरात मराठी बापूराव, शेजारी हिंदी चौबेजी, मधे एकच भिंत. दरवर्षी माणसं तीच, गोष्ट नवी. माझा मुलगा मुंबईहून येतो तेव्हा सांगतो, टीव्हीवर तसं काहीतरी दर आठवड्याला दाखवतात. आमचं वर्षातून एकदा असायचं आणि गाव ते वर्षभर पुरवून पुरवून हसायचं.

पहिल्या वर्षी चौबेजींचं कामही मराठी माणसानंच केलं. त्यानं हिंदी लोकांची इतकी टर उडवली की ती मंडळी मधूनच उठून गेली. तिवारीजीही गेले. पण दुसऱ्या दिवशी ते मंडळात हजर! म्हणाले, "हमारी नकल आप उतारेंगे, तो आपकी हम उतारेंगे. बापूराव मले द्या." तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली की बापूराव हिंदी माणसानं करायचे आणि चौबेजी मराठी माणसानं. आमच्या यजमानांकडे चौबेजींचं काम आलं, मी बापूरावांची सून झाले. तिवारीजी कामाला अगदी भिडले. आमच्या घरी येऊन बसायचे, यजमान धोतर कसं खोचतात, मी पानात काय कुठं वाढते ते बघायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तुमी लोकं जेवून जा म्हनता अन् लगेच दरवाजापावेतो सोडाले येता. पाहुन्यानं समजाव तरी काय?" मी चांगलीच चिडले होते. गणपतीत तेच वाक्य बापूरावांच्या तोंडी आलं आणि सगळ्यांत जास्त मीच हसले.

नाटकाचा सांगाडा दरवर्षी एकच. बापूरावांना उमाळा येतो की आपलं राज्य तिकडं, आपण इथं काय करतोय, चला नागपूरला. सामान बांधून होतं. मग सूनबाईनं काही ना काही सबब काढून त्यांना अडवायचं. एकदा चौबेजींच्या मुलीचं लग्न निघालं आणि एवढ्या पाहुण्यांच्या भाताला आधण किती ठेवायचं ते फक्त बापूरावांनाच ठाऊक! एकदा चौबेजींशी चाललेलं भांडण अर्धवट राहिलेलं. शेवटी बापूराव थांबायचेच, आणि मांडवातली दोन्हीकडची माणसं टाळ्या वाजवायची. रामपायलीहून आलेल्या एका म्हातारीनं नाटक झाल्यावर तिवारीजींचा हात धरून विनवलं होतं, "जाऊ नका बरं बापूराव." तिवारीजी त्या कामात नुसते रमले नव्हते. बापूरावांनी गावात राहणं हा त्यांना आपल्या अब्रूचा प्रश्न वाटायचा. म्हणायचे, "बापूराव चले गए तो चौबे लड़ेगा किससे?"

सत्तरनंतर मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांचं म्हणणं, ही थट्टा खूप झाली, आता मराठी माणसाचं खरं दुःख दाखवा आणि बापूरावांना एकदाचं नागपूरला जाऊ द्या. तिवारीजी म्हणाले, "साहेब, बापूराव नाही जानार. बाकी काई बी कराले सांगा." त्यावर अध्यक्ष म्हणाले, "मराठी माणसानं जायचं की राहायचं, ते मराठी माणूस ठरवेल." झालं. बापूराव दुसऱ्याला मिळाले. आम्ही नवराबायकोनंही कामं सोडली. नाटकाच्या दिवशी तिवारीजी आमच्याच शेजारी बसले होते. रंगमंचावरचे बापूराव गाडीला निघाले, लोक रडले, टाळ्याही झाल्या. तिवारीजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढच्या वर्षी नाटक झालंच नाही, कारण भिंतीच्या एका बाजूला आता कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर ते आमच्याशी मराठीचा एक शब्द बोलले नाहीत. बाजारात भेटले, मी मुद्दाम "काय म्हणता बापूराव?" केलं, तरी उत्तर यायचं, "सब ठीक है, बहनजी." मला फार राग यायचा. अध्यक्षांचा राग आमच्यावर का, असं वाटायचं. पुढं आमच्या यजमानांची निवृत्ती झाली, नागपूरला दिरांनी घर पाहून ठेवलं होतं, आम्ही सामान बांधलं आणि निघालो. आम्हाला कुणी सबब काढून अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात बालाघाटला जाऊन आले. तिवारीभाभी एकट्याच होत्या. त्या कधी नाटकाला आल्या नव्हत्या, त्यांना आमचं ते सगळं आवडत नसावं अशी माझी समजूत. त्यांनी स्वयंपाकघरातच बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "बाहर इनका मन टूट गया था. घर में तो बापूराव कहीं नहीं गए. हर गणपति में हम दोनों यहीं चौके में बैठकर करते थे. ये बापूराव, मैं सूनबाई." मी ऐकत होते. आत काही हलावं तसं हललं नाही, नुसतं ऐकत होते. मग त्यांनी कप बाजूला ठेवला, पाठ ताठ केली, तिवारीजी खाकरायचे अगदी तसं खाकरल्या आणि म्हणाल्या,

"सूनबाई, माहा कोट आन व. मी चाललो नागपूरले."

मी नागपूरहून आलेली. संध्याकाळच्या बसनं तिथंच परत जाणारी. सबब काढायची सवय कधीच मोडलेली... त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. शेवटी मी म्हटलं, "नका जाऊ मामाजी. भाभी एकट्या पडतीन."

त्यांनी चुलीपाशी ठेवलेला कप पुन्हा उचलला. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "बरं. नाई जात."