आजोबांची रजा

बायको त्याला "पाहुणे" म्हणायची. "पाहुणे, चहा टाकू का?" "पाहुणे, या खेपेला मुक्काम किती?" परदेशात घर करून बारा वर्षं झाली होती, पण त्या घरात हा गडी आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन. दुधाच्या नाहीतर रसाच्या कारखान्यात बाटल्या भरणारी यंत्रं असतात ना, ती बिघडली की दुरुस्तीला जाणारा तो मेकॅनिक. आणि यंत्रं तरी कसली शहाणी! सोमवारी बिघडतील तर शपथ. शुक्रवारी संध्याकाळी, माणूस बूट काढून सोफ्यावर टेकला रे टेकला की साहेबाचा फोन. दाराशी बॅग कायम अर्धी भरलेली. घरातला त्याचा दात घासायचा ब्रश वर्षभर नवाच्या नवा.

लेकीचे गेले तीन वाढदिवस त्याने फोनवर पाहिले. एक हॉटेलच्या जिन्यात बसून, एक विमानतळावर, आणि एक कारखान्याच्या कँटीनमध्ये, केसांवर कागदी टोपी घालून. "बाबा, आंघोळ करताय का?" लेकीने विचारलं होतं, आणि केकभोवती जमलेली पोरं खिदळली होती. तोही हसला. करतो काय?

वर्षाला रजा मिळायची वीस दिवस. त्यातली दहा लेकीच्या शाळेच्या सुट्ट्यांत, तापात, घराच्या कागदपत्रांत कशी संपायची ते कळायचंही नाही. उरलेल्या दहांना मात्र तो हात लावू द्यायचा नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

याला कारण होतं. पाच वर्षांपूर्वी त्याची आई गेली. घर बदलण्यात त्या वर्षाची सगळी रजा आधीच खर्ची पडली होती. साहेबाने नियमावर बोट ठेवलं, आईवडील वारल्यास तीन दिवस. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, आता करा हिशोब! नियम करणाऱ्याची आई बहुधा शेजारच्या गल्लीत राहत असावी. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईची चादरसुद्धा धुऊन दोरीवर वाळत होती. वडिलांनी दार उघडलं आणि म्हणाले, "जेवलास का?"

तेव्हापासून ते दहा दिवस वडिलांच्या नावाने बाजूला पडायचे. तसं तोंडाने कोण बोलणार? घरात त्यांना "आजोबांची रजा" म्हणत, आणि तेवढ्यावर विषय बंद. एकतीस डिसेंबर उजाडायचा, वडील तिकडे खणखणीत, आणि इकडे न घेतलेली रजा बुडायची. त्याला हायसं वाटायचं. आणि हायसं वाटता वाटता, देवा क्षमा कर, बुडालेल्या दिवसांची हळहळही वाटायची. मग स्वतःचीच किळस येऊन तो उगाचच गाडी धुवायला जायचा.

वडिलांना इकडेच आणावं, तर इथला कायदा म्हणायचा, म्हातारे तीन महिने ठेवा आणि परत पाठवा. आपण परत जावं, तर लेकीला मराठीची दोन अक्षरं वाचता येत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर.

वडील तसे भारी माणूस. एका कचेरीत हेडक्लार्क होते, पस्तीस वर्षं लोकांच्या रजांचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून गेले. एका शिपायाची आत्या चार वेळा वारली होती. तीन वेळा त्यांनी मुकाट्याने सही केली. चौथ्या वेळी सही करून म्हणाले, "आत्याबाईंना माझा नमस्कार सांग." ऐंशी पार झाली तरी जीभ तशीच तिखट. घरात एकटे. खालच्या मजल्यावर औषधाचं दुकान होतं, त्या औषधवाल्याकडे घराची एक किल्ली असायची.

तर एका रविवारी सगळे व्हिडिओवर बोलत होते. लेकीचा नववा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. ती फोनला नाक लावून म्हणाली, "आजोबा, तुमची रजा मला द्याल का?"

"माझी? मला रिटायर होऊन बावीस वर्षं झाली, बाई. माझी कसली रजा आता?"

"बाबा ठेवतात ना ती! दहा दिवस. तुम्ही मेलात की यायला. पण तुम्ही मरतच नाही, मग ती वाया जाते."

बायकोच्या हातातला डाव खाली पडला. त्याला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अगं, काय बोलतेस!" तो ओरडला, पण ओरडून काय उपयोग, बाण सुटला होता.

पलीकडे वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि मग जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. "तुझी आई गेल्यापासून ना? पाच वर्षं, म्हणजे पन्नास दिवस बुडवले की मी तुझे! अरे, आधी सांगायचंस. काहीतरी जमवलं असतं." मग खाकरून, अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "अर्ज पाहिला. कारण योग्य आहे. रजा मंजूर."

"बाबा, असं नका हो करू," तो म्हणाला. "असू दे ती."

"मंजूर म्हणजे मंजूर. पोरीच्या डोळ्यांदेखत माझा शब्द मोडू नकोस."

लेक उड्या मारत होती. तिला नाही म्हणायला जीभ रेटेना.

आठ दिवस रजा घेतली. एका तळ्याकाठी लाकडी खोली भाड्याने घेतली, तिघंच. सुरुवातीचे दोन दिवस त्याचं कशात लक्ष लागेना, फोन उशाशी. मग निवळला. लेकीला होडी वल्हवायला शिकवली, बायकोबरोबर दुपारची झोप काढली. बायकोने त्याला आठ दिवसांत एकदाही पाहुणे म्हटलं नाही. वाढदिवसाला वडिलांचा फोन आला, नुसता आवाज. "कॅमेरा बिघडलाय रे या डबड्याचा. पोरीला दे." लेकीला त्यांनी नऊ वेळा "शतायुषी हो" म्हटलं, ती मोजत होती. त्याने विचारलं, "तब्येत?" "ठणठणीत!" असा आवाज आला, आणि त्याने निर्धास्त होऊन केक कापायला सुरी शोधली.

रजा संपली, पुन्हा बॅग, पुन्हा कारखाना. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याला आठवण झाली, बाबांचा कॅमेरा दुरुस्त करून घ्यायला हवा. त्याने औषधवाल्याला फोन लावला. "जरा एवढं काम कराल का? बाबांचा फोन दुकानात दाखवता का?"

"फोनला काय धाड भरलीय?" औषधवाला म्हणाला. "कपाळावर सात टाके पडलेत, ते तुम्हाला दिसू नयेत म्हणून... अरे देवा." आणि थांबला. थांबून काय होतंय? मग एकेक बाहेर आलं. तळ्यावर पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी वडील न्हाणीघरात पडले होते, आणि यानेच किल्लीने घरात शिरून न्हाणीघराचं दार फोडलं होतं. पाच दिवस दवाखान्यात होते. वाढदिवसाचा फोन त्यांनी तिथल्याच खाटेवरून केला होता, नर्सला बोटाने गप्प करून.

त्याने कँटीनमधला कोपरा गाठला आणि वडिलांना व्हिडिओ लावला. उचलला. डोक्यावर कानटोपी, पार भुवयांपर्यंत ओढलेली.

"टोपी काढा, बाबा."

"थंडी आहे."

"काढा म्हणतो ना!"

त्यांनी काढली. जखम डोळ्यांपर्यंत निळीकाळी उतरली होती. मघापासून आवळून धरलेला त्याचा राग गळून गेला.

"कळवलं का नाही?"

"कळवून तू काय करणार होतास?"

"आलो असतो."

"पोरीला तळ्याकाठी सोडून?"

हो म्हणावं तर बाप म्हणून मेला, नाही म्हणावं तर मुलगा म्हणून. आणि आता तर रजेचे दोनच दिवस शिल्लक होते, जायलाच दीड लागायचा.

"म्हणून नाही कळवलं," वडील म्हणाले. "नुसता जळत बसला असतास."

"तरी यापुढे खरं सांगायचं. काय असेल ते खरं. माझी शपथ आहे तुम्हाला."

"खरं सांगू?"

"सांगा."

वडील जरा वेळ टोपी चाचपत राहिले. आता काहीतरी खवचट बोलतील असं त्याला वाटलं. पण नाही.

"दार आतून लावलेलं होतं. दीड तास पडून होतो. औषधवाल्याला हाक मारायची तर तुलाच हाका मारत होतो. तू नाहीस हे माहीत होतं रे, पण तोंडात दुसरं नाव येईना." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "आता आंघोळीला जायची भीती वाटते. दार उघडं टाकतो, तरी वाटते."

इतक्या वर्षांत भीती हा शब्द त्याने वडिलांच्या तोंडून ऐकला नव्हता. कँटीनच्या दारातून एक कामगार त्याला हातवारे करून बोलावत होता, बाटल्या भरणारं यंत्र पुन्हा अडकलं होतं. त्याने हातानेच थांब म्हटलं.

"बाबा, असं करा," तो घाईने म्हणाला. "आंघोळीला जाताना मला फोन लावत जा. फोन बाहेर स्टुलावर ठेवा. मी कुठेही असलो तरी ऐकत राहीन."

"आणि पडलो तर?" वडिलांनी विचारलं.

दारातला कामगार अजून वाट बघत होता. वडीलही वाट बघत होते.