वेसाव्याची मुलगी आठवीत

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. अंधेरीतल्या आमच्या नव्या शाळेत आठवीचा पहिला वर्ग सुरू व्हायचा होता आणि मुलंच मिळत नव्हती. सातवी झाली की शिक्षण संपलं, असंच तेव्हा बहुतेक घरांत धरून चालत. मुलगे कुठेतरी कामाला चिकटत, मुली घरात राहत. मी नुकतीच बी.टी. ही शिक्षकी पदवी घेऊन नोकरीला लागले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पटावर पुरेशी नावं नसतील तर वर्गाला मान्यता नाही. घरोघर फिरा."

ऑफिसात जाणाऱ्यांच्या घरांतून सोळा मुलं मिळाली, त्यात मुली दोनच. मग कळलं की वेसाव्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी सातवीला तालुक्यात वरच्या नंबराने पास झाली होती. मी चालत तिकडे गेले. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि ती खाली बसून जवळा निवडत होती. मला बघून उभी राहिली, पण बोलली तिची आई.

"इंग्रजी शिकून काय बोंबील इंग्रजीत विकंल?"

"मावशी, ती हुशार आहे."

"ते माला म्हाईत हाय. पन सकाळी होड्या लागल्या की मासळी कोन निवडील? तुमी येनार?"

परत येऊन मी मुख्याध्यापकांना विचारलं, ही मुलगी पहिला तास सोडून आली तर चालेल का? तो तास मी तिला मधल्या सुट्टीत शिकवीन. "हजेरीपटावर रोज उशिराचा शेरा पडेल," ते म्हणाले, आणि मग, "पडू दे."

मासळी निवडून झाल्यावरच यायचं, या अटीवर आई कबूल झाली आणि ती येऊ लागली. पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला आणि बाक बदलून मागितला. मी बदलून दिला नाही. त्यावरून त्या मुलीचे वडील भांडायला आले, तेव्हा मुख्याध्यापकांनीच त्यांना वाटेला लावलं.

पंधरा-वीस दिवसांनी तिची आई बाजार आटपून थेट वर्गाच्या दारात हजर. मासळीची पाटी बाहेर ठेवून शेवटच्या बाकावर बसली. "माजी पोर करते काय ते बगायचंय," म्हणाली. भूगोलाचा तास चालू होता. मी सांगत होते, भरती दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी येते.

मुलीने हात वर केला. "बाई, ठरलेल्या वेळी नाय. आज सातला आली तर उद्या पाऊण तास उशिरा येनार."

"बरोबर बोलली!" मागून आई.

सगळा वर्ग हसला, मीही हसले. माझं चुकलंच होतं. मग मी फळ्यावर पृथ्वी आणि चंद्र काढले आणि हा पाऊण तास कुठून येतो ते समजावलं. आई पुढे झुकून बघत होती. तास संपल्यावर तिने विचारलं, "आमचे म्हातारे सांगतात तेच पुस्तकात हाय?"

"आहे. का होतं तेसुद्धा आहे."

"मंग शिकू द्या तिला," एवढं बोलून तिने पाटी डोक्यावर घेतली.

पुढल्या जूनला तिची आई स्वतःच शेजारपाजारच्या चार मुलींना घेऊन आली. त्यांच्या आयांशी भांडूनच आली असणार, कारण आवाज बसलेला होता.

आठवीपासून चौथ्या वर्षी, म्हणजे तेव्हाच्या अकरावीला, मुलगी एस.एस.सी. झाली. निकालाचा पेपर मी स्टाफरूममध्ये उघडला आणि तिचा नंबर दिसताच माझ्या तोंडून अशी काही आरोळी निघाली की शिपाई धावत आला. त्या कोळीवाड्यातून एस.एस.सी. झालेली पहिली मुलगी ती. पुढे नर्सिंगला गेली.

दशक संपता संपता आठवीच्या तीन तुकड्या झाल्या. प्रवेशाच्या दिवशी फाटकाबाहेर पालक उभे असत, त्यांत नऊवारीतल्या कोळणीही असत, आणि 'जागा नाही' हे सांगताना जीव तुटायचा. तिसऱ्या तुकडीला खोलीच नव्हती. मी ती वऱ्हांड्यात शिकवली, वर पत्रे, खाली सतरंजी, बावन्न मुलं आणि त्यांत एकवीस मुली. आयुष्यात इतक्या वर्गांसमोर उभी राहिले मी, पण त्या वऱ्हांड्यात हजेरी घेताना जो ताठपणा अंगात यायचा, तो पुन्हा कुठे आला नाही.